भुरी जगली का?

मुंबई,
१२ नोव्हेंबर १९७२

ती. आक्कास,

कानिफचा नमस्कार. आधी बातमी सांगतो, खुशाली मागून. भुरीचा दुसरा भाग निघणार! आज साहेबांनी सगळ्या स्टुडिओसमोर जाहीर केलं, आणि चित्रं मीच काढणार.

रोपांना कुंपण घाला एवढं सांगायला सरकारी खात्यानं गेल्या वर्षी आमच्याकडून ते छोटं कार्टून करून घेतलं, तेव्हा मिरजगावच्या या पोराला इथं कोण ओळखत होतं? भुरी शेळी रोपं खाते, तलाठ्याचे कागद खाते, पाटलाच्या पटक्याचा शेमला खाते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही, इतकीच ती गोष्ट. पण प्रचाराची गाडी घेऊन बन्सी नगर जिल्ह्यात कुठंही गेला तरी पडदा बांधायच्या आधीच लोक 'भुरी लावा, भुरी' म्हणून गलका करतात. कुंपणं किती जणांनी घातली देव जाणे, भुरी मात्र घरोघरी पोचली.

आता दुष्काळी कामांवर माणसं खड्ड्या-डबक्यांचं पाणी पितात. ते पिऊ नका, पिंपातलं औषध टाकलेलं पाणी प्या, हे भुरीच्या तोंडून सांगायचं आहे. साहेब म्हणतात, दुसरा भाग पहिल्यापेक्षा सगळ्याच बाबतींत मोठा हवा. रंगीत करायचं, गाणं घालायचं, भुरीला मैत्रिणी द्यायच्या. मलाही ते पटतं. एकदा हसलेला माणूस परत तेवढ्यावरच कशाला हसेल?

आवाज मात्र झुंबरआत्याचाच. चित्रं माझी असली तरी भुरीत जीव आला तो आत्या शेळीसारखी ओरडली तेव्हा. गेल्या खेपेला मायक्रोफोन बघून 'ह्याला काय खायला घालू का?' म्हणाली होती, ते साहेब अजून सांगतात. तिला डिसेंबरात बन्सीबरोबर पाठव. तोवर तिच्या शेळ्या दाजी सांभाळतील. सांभाळतील ना?

तुझा,
कानिफ


मिरजगाव,
२६ नोव्हेंबर १९७२

चि. कानिफ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आनंद झाला. आण्णा असते तर गावभर सांगत फिरले असते.

आत्याचं मात्र या खेपेला जमेलसं दिसत नाही. तिला खोकला झालाय आणि प्रवासाचं म्हटलं की ती मान हलवते. शेळ्या आहेत. त्यांची काळजी तू करू नकोस.

माझी शाळा सकाळची झाली आहे. दुपारी माळावर पाझर तलावाचं काम चाललंय, तिथं मजुरांच्या मुलांना खायला सुकडी वाटायला मला जावं लागतं. आपल्या विहिरीत आता आवाज दिला तर तळाचा दगड उत्तर देतो. जनावरं घेऊन तुझे दाजी छावणीत आहेत, आठवड्यातून एकदा घरी येतात.

एक विचारू? तुझ्या भुरीच्या त्या मैत्रिणी आहेत ना, त्या चित्रात खातात तरी काय?

तुझी,
आक्का


मुंबई,
२२ जानेवारी १९७३

ती. आक्कास,

नमस्कार. आत्याचा खोकला दोन महिने झाले तरी हटत नाही म्हणजे नवलच. मी तीन पत्रं टाकली, तू दर वेळी निराळं कारण दिलंस. आत्याला यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं. मी काही परका नाही.

असो. काम थांबून चालणार नव्हतं. रेडिओवर नाटकं करणाऱ्या एक बाई साहेबांनी आणल्या. आवाज गोड आहे, शब्द न् शब्द स्वच्छ. त्यांना शेळीसारखं ओरडता येत नाही, म्हणून आता भुरी बोलते. चित्रं मात्र अशी उतरलीत आक्का, की तू बघच. हिरवंगार कुरण, त्यात गुबगुबीत भुरी, तिच्या मैत्रिणी फेर धरून नाचतात. साहेबांनी पाठीवर हात ठेवला.

खात्याच्या लोकांना दाखवायच्या आधी एकदा खऱ्या प्रेक्षकांपुढं लावून बघायचं ठरलंय. मी हट्टानं तुमच्या पाझर तलावाचं नाव घातलं. बन्सी रीळ घेऊन निघालाय. लोक कसे हसले ते सविस्तर लिही.

कानिफ


मिरजगाव,
९ फेब्रुवारी १९७३

चि. कानिफ,

आशीर्वाद. सविस्तर लिही म्हणालास, तर लिहिते. रागावू नकोस, आणि रागावलास तरी शेवटपर्यंत वाच.

बन्सीची गाडी दिसली आणि झोपड्यांतून माणसं पळत सुटली. दिवसभर खडी फोडून ज्यांच्यानं उभं राहवत नव्हतं, त्या बायासुद्धा पोरं काखेला मारून पुढं जागा धरायला आल्या. 'भुरी आली, भुरी आली!' मला तुझा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

दिवस मावळला, पडदा उजळला. हिरवं कुरण दिसलं तेव्हा लोक जरा चुळबुळले. मग तुझी भुरी आली, लोण्याच्या गोळ्यासारखी. तिनं पुढचे पाय जोडले आणि म्हणाली, 'बंधूंनो आणि भगिनींनो, शुद्ध पाणी हाच आरोग्याचा पाया आहे.'

कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी रंगुबाई बसली होती, खडीवरची तोंडाळ बाई. ती मोठ्यानं म्हणाली, 'ही भुरी न्हाई. ही शिरस्तेदाराची बायकू हाय!' त्यावर जे हसले ते वाईट हसले. गाणं सुरू झालं तसं कुणीतरी ढेकूळ भिरकावलं, ते भुरीच्या तोंडावरच बसलं. मग आणखी आली. बन्सीनं मशीन बंद केलं आणि गाडीच्या पुढं आडवा उभा राहिला म्हणून मशीन वाचलं.

पण ऐक. लोक लगेच गेले नाहीत. बन्सीभोवती गोळा होऊन विचारत राहिले, 'आपली भुरी कुठं हाय? दुष्काळात जगली का ती? का इकली?' बन्सीनं पडदा सोडून गुंडाळायला घेतला.

आता तुला सांगते ते आधीच सांगायला हवं होतं. आत्याला खोकला आहे, पण म्हणून ती आली नाही असं नाही. तिच्या शेळ्या गेल्या, कानिफ. काही गावच्या बाजारात मिळेल त्या भावात दिल्या, बाकीच्या एकेक करून दावणीलाच बसल्या त्या उठल्या नाहीत. एक उरली आहे. आत्या दिवाळीपासून माळावर खडी फोडते. तूच मला सांग, हे मी तुला कसं लिहायचं होतं? तू रंगात आला होतास.

ती त्या गर्दीत होती. कुरण दिसलं तशी उठून चालती झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर हातोडा खाली न ठेवता म्हणाली, 'चांगुणे, त्याच्या भुरीला काय झालंच न्हाई गं. आमाला झालं. मग ती आमची कशी?'

तुझी,
आक्का


मुंबई,
१९ फेब्रुवारी १९७३

ती. आक्कास,

नमस्कार. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला एक उत्तर लिहिलं आणि फाडून टाकलं. तू मला का सांगितलं नाहीस, मी काय लहान आहे, असलंच सगळं होतं त्यात. आत्या खडी फोडते आणि मी इथं पंख्याखाली बसून शेळ्या नाचवतो, हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं का, असंही लिहिलं होतं. जाऊ दे.

बन्सीचा रिपोर्ट साहेबांनी वाचला. ते ओरडले नाहीत. 'एप्रिलअखेरपर्यंत दुरुस्त कर,' म्हणाले. 'नाही जमलं तर आहे हेच रीळ जिल्ह्याजिल्ह्यांत जाईल. खात्याला तारीख दिली आहे.' म्हणजे ढेकळं खात गावोगाव फिरेल. आणि मला पुढं इथं कुणी पेन्सिल हातात देणार नाही, तेही कळलंच.

रोज बसतो. कागद भरतात आणि टोपलीत जातात. माझी अडचण तुला सांगतो, सांगितल्यानं तरी सुटते का बघू. पहिल्या भागात भुरी कुणाचं ऐकत नव्हती म्हणून लोकांना आवडली. आता तिनं लोकांना शहाणपण सांगायचं आहे. जी कुणाचं ऐकत नाही ती दुसऱ्याला 'ऐका' कसं म्हणणार? शहाणी केली की ती भुरी राहत नाही, आणि भुरी ठेवली की ती पहिल्यांदा जाऊन त्याच खड्ड्यात तोंड घालेल. कुठंही ओढलं तरी दोर तुटतोच.

लोक 'जगली का' असं विचारत होते, ते डोक्यातून जात नाही. आम्ही इथं दुसऱ्या भागात काय काय जास्त घालायचं ते ठरवत बसलो. मधल्या वर्षात तिचं काय झालं असेल, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

आत्याला माझा नमस्कार सांग. घेईल तर.

कानिफ


मिरजगाव,
४ मार्च १९७३

चि. कानिफ,

आशीर्वाद. हे पत्र तुकड्यातुकड्यानं लिहिते आहे. कामावर पटकी आली आहे. सरकारी माणसं नुसती हगवण म्हणतात, पण झोपड्यांतून माणसं ज्या तऱ्हेनं जाताहेत ते बघून आम्हाला नाव विचारायची गरज उरलेली नाही. रंगुबाई गेली. तीच, तोंडाळ. सकाळी खडीवर होती, दुसऱ्या सकाळी नव्हती.

पिंपात पाणी असतं रे. टँकरवाला ओततो, वरून औषध टाकतात. पण त्याला वास येतो आणि कुणी उठवलंय की ते पोरं बंद व्हायचं औषध आहे. पिणाऱ्या बाईची कूस उजवायची नाही म्हणे. रंगुबाईच्या घरात नवी सून. मी रंगुबाईला हात जोडून सांगितलं होतं, तर म्हणाली, 'मास्तरीणबाय, मला नातू बघायचाय.' आणि खड्ड्यातून घागर भरून नेली. भरावासाठी मुरूम काढून काढून तो खड्डा झालाय. त्यात कुठूनसं पाझरतं आणि हिरवट साय धरते. मुकादम काकासाहेब पाटी लावतो, लोक पाटी चुलीत घालतात.

एक गंमत झाली होती, ती लिहावी की नाही कळत नाही. रंगुबाई जायच्या आदल्याच दिवशीची. टँकर आला नव्हता. आत्या उरलेली शेळी बरोबर आणते, तिची जीभ बाहेर आलेली. आत्यानं तिला खड्ड्यापाशी ओढत नेली. शेळीनं वास घेतला, नाकानं फुर्र केलं आणि चारी पाय रोवून उभी. आत्यानं मान धरून तोंड पाण्याला लावलं, तरी ओठ मिटलेलेच. बायका हसहसून बेजार. रंगुबाई घागर भरता भरता म्हणाली, 'आत्याबाय, तुमच्या शेळीला मुंबईचं पानी लागलं वाटतं!' शेवटी टँकर आला. आत्यानं आपल्या वाटणीचं पिंपातलं पाणी तिच्यापुढं धरलं, तर एका दमात प्याली.

तेव्हा मीही हसले होते. आता झोपडीवरून जाताना रंगुबाईची घागर उपडी दिसते.

आक्का


मुंबई,
१० मार्च १९७३

ती. आक्कास,

नमस्कार. रंगुबाईचं वाचून वाईट वाटलं. आणि लगेच पुढचं लिहितो याची लाजही वाटते, पण लिहायलाच हवं. आक्का, माझा तुटलेला दोर तू जोडून दिलास!

भुरी कुणाला काही सांगत नाही. ती नुसती पीत नाही. म्हातारी ओढते, ती येत नाही. मुकादम ढकलतो, ती हलत नाही. सगळं गाव शेपटीला लागतं आणि सगळं गाव खड्ड्याच्या काठावर आपटतं, भुरी ओठ मिटून उभी. तोच तिचा जुना हट्ट, तिळभर बदललेला नाही. मागल्या वर्षी त्या हट्टानं लोक हसले. या वर्षी तोच हट्ट जीव वाचवतो. मग ती दावं तोडते आणि पिंपात तोंड घालते. उपदेशाचा एक शब्द नाही. बोलणाऱ्या बाई नकोत, गाणं नको, कुरण नको. उघडा माळ, आणि भुरी वाळलेली. बरगड्या मोजता येतील अशी.

साहेबांना गोष्ट आवडली. बरगड्या नाही आवडल्या. 'माणसं आधीच रडतायत, त्यांना आणखी हाडं कशाला दाखवतोस?' म्हणाले. 'आणि सरकारी चित्रात उपाशी जनावर दिसलं तर खात्यात प्रश्न निघतील. गुबगुबीत ठेव.' मी म्हणालो, गुबगुबीत भुरीला तहान लागली हे कुणाला पटणार? ते म्हणाले, 'मी सांगतो ते काढ.'

मी त्यांना न दाखवता वाळलेली काढतो आहे.

आत्याला विचार. येशील का म्हणून नाही, मी बोलावतो असंही नाही. गोष्ट सांग आणि तिला काय वाटतं ते कळव.

कानिफ


मिरजगाव,
२१ मार्च १९७३

चि. कानिफ,

आशीर्वाद. आत्याला सगळी गोष्ट सांगितली. दुपारच्या सुट्टीत, खडीच्या ढिगाच्या सावलीला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'बरगड्या दिसत्यात का पर?' मी म्हटलं, दिसतात असं लिहितोय, पण साहेब पुसायला सांगतो. 'मंग त्या सायबाला मी बघती.'

बन्सीबरोबर निघाली आहे. शेळी माझ्या दारात बांधून गेली आणि जाताना तिच्याशी काय बोलली ते मला ऐकू दिलं नाही.

इथं अजून थांबलेलं नाही. सुकडी घ्यायला येणारी मुलं मी रोज डोळ्यांनी मोजते, आणि एखादं दिसलं नाही की त्याची झोपडी गाठते. तू हात चालव. आम्हाला उशीर परवडणार नाही.

आक्का


मुंबई,
५ एप्रिल १९७३

ती. आक्कास,

नमस्कार. आत्या आज परत निघाली, बन्सी तिला गावी सोडून लगेच परत येईल. तू पत्र का टाकलं नाहीस? ती रोज विचारत होती.

काल आवाज भरला. आधी मी तिला चित्रं दाखवली. तिनं वाळलेल्या भुरीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, 'खुबा आनखी वर काड. चारा नसला का खुबा वर येतो.' मग त्या बंद खोलीत तिला उभी केली. तिनं तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला. परत उघडलं, परत खोकला. काचेपलीकडं साहेब घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

आत्या म्हणाली, 'कानिफ, हितल्या समद्यांस्नी खाली बसाया सांग. उभ्या मान्सापुढं शेळी वरडत न्हाई.' आम्ही सगळे बसलो. साहेबसुद्धा, हो, फरशीवर. आणि मग आला आवाज. गेल्या खेपेचा नाही. घसा सुकलेला, चिडलेला, अडून बसलेला. हसू येत होतं आणि तिच्याकडं बघवतही नव्हतं. पाहिजे होतं तेवढं सगळं तिनं दिलं.

मशीन बंद करणार, एवढ्यात तिनं आपणहून निराळाच आवाज काढला. अगदी हळू, घशातल्या घशात. शेळी व्याल्यावर पिलाला चाटताना करते तो. कुणी सांगितलं नव्हतं. आत्या डोळे मिटून करत राहिली. ती कुणाशी बोलत होती ते मला ठाऊक होतं, म्हणून मी वर बघितलं नाही.

साहेब बाहेर येऊन म्हणाले, 'शेवटी भुरीला पिल्लं होऊ दे. पिंपाचं पाणी प्याली आणि व्याली. त्या अफवेला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.' माणूस हुशार आहे, आक्का. आत्या त्यांना म्हणाली, 'आन बरगड्या?' ते हसले, तिच्या पाया पडले आणि गेले. गेल्यावर मला निरोप पाठवला, पिल्लं घाल, बरगड्या पूस.

पिल्लांची चित्रं आता नव्यानं काढायची आहेत. दिवस थोडे आहेत. पत्र टाक.

कानिफ


मिरजगाव,
९ एप्रिल १९७३

कानिफराव यांस,

तुमच्या दाजीचा, भिमाजीचा रामराम. इशेष लिवन्यास कारन की तुमची आक्का लई आजारी हाय. परवा टँकर आला न्हवता. ऊन लई. पोरास्नी सुकडी वाटता वाटता तिला भोवळ आली, तवा कुनीतरी खड्ड्यातलं पानी तोंडाला लावलं. तिला कळलं न्हाई काय पितो ते. रातच्याला उलट्या सुरू झाल्या. डागदर म्हनतो सलाईन लावलंय, आज काय सांगता येत न्हाई. आत्या पाशी हाय.

ती दोनदा तुमचं नाव घेऊन बोलली. मिळंल त्या गाडीनं या.

भिमाजी


मुंबई,
१३ एप्रिल १९७३

ती. दाजी,

कानिफचा साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड आज हातात पडलं. मी पिशवी भरली आणि बोरीबंदरपर्यंत गेलो. तिथून परत आलो.

मी येत नाही, दाजी. पिल्लांची चित्रं अर्धी झालीत. मी इथून हललो की साहेब ती दुसऱ्याच्या हाती देतील, भुरी गुबगुबीत होईल, आणि लोक परत ढेकळं मारून उठून जातील. जाऊन खड्ड्याचंच पाणी पितील. आक्का ज्या पाण्यानं पडली त्याच पाण्यानं उद्या दुसरं कुणी पडेल. मी आलो तर तिच्या उशाशी बसण्यापलीकडं काय करणार? हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं. तरी आपण पळपुटेपणा करतो आहोत की काय, ते मला खरंच कळत नाही.

ती शुद्धीवर असेल तर हे वाचून दाखवा. नसेल तर तिच्या कानाशी माझं नाव घ्या. तुम्हाला जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. रोज एक ओळ टाका. नुसतं 'आहे' लिहिलंत तरी पुरे.

कानिफ


मिरजगाव,
१० मे १९७३

चि. कानिफ,

अनेक आशीर्वाद. दाजींची 'आहे, आहे' अशी कार्डं तुला मिळाली असतील. आता मी स्वतः लिहिते आहे. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

परवा बन्सी रीळ घेऊन आला. मला उठवत नव्हतं, म्हणून दाजींनी बैलगाडीत गोधडी घालून माळावर नेलं. गाडी दिसली तरी या वेळी कुणी पळत आलं नाही. 'आली परत ती गोडबोली,' म्हणत माणसं लांबच उभी. काही पोरांच्या हातात आधीच ढेकळं होती. मुकादम काकासाहेब बन्सीला म्हणाला, 'पडदा फाटला तर मी जबाबदार न्हाई.' आत्या पुढं जाऊन पडद्याच्या अगदी खाली बसली. म्हणजे मारणाऱ्याला आधी तिला मारावं लागलं असतं.

उघडा माळ दिसला. भुरी आली. पाठीचा कणा वर, खुबे वर, बरगड्या अशा की लांबूनही मोजाव्यात. मग मागून एक बाई म्हणाली, 'अगं बया, जगली!' आणि ती बया रडायला लागली की हसायला, मला सांगता येणार नाही. उभी माणसं एकेक करून खाली बसली.

भुरीनं नाकानं फुर्र केलं तशी पहिली हसली ती रंगुबाईची सून. मुकादम ढकलतो आणि स्वतःच खड्ड्यात पडतो, तिथं खरा मुकादमसुद्धा हसला. भुरीनं पिंपात तोंड घातलं तेव्हा हसणं थांबलं, पण कुणी उठलं नाही. आणि शेवटी ती पिल्लं. ओली, थरथरती, उभी राहायला बघतात, पडतात, परत उठतात, आणि खाली तो आत्याचा आवाज. बाया पडद्याकडं बघत नव्हत्या रे, एकमेकींकडं बघत होत्या. लोकांनी ते रीळ परत लावायला लावलं, मग आणखी एकदा.

काल सकाळी दाजींनी येऊन सांगितलं ते ऐक. काम सुरू व्हायच्या आधीच बायका पाट्या घेऊन गेल्या आणि तो खड्डा बुजवायला लागल्या. मुकादम धावत आला, 'अगं, ह्ये काम मापात धरत न्हाईत, ह्याची हजेरी लागायची न्हाई!' पाट्या पडतच राहिल्या. पुढं रंगुबाईची सून, मागं सगळ्या. ऊन चढायच्या आत खड्डा जमिनीबरोबर झाला. मग काकासाहेबानं टोपी काढून ठेवली आणि शेवटच्या पाट्या स्वतः टाकल्या. पिंपापाशी आता रांग असते. वासाला नाकं मुरडतात, पण पितात. दोन दिवसांत नवीन कुणी आजारी पडलेलं नाही. उद्याचं मी बोलत नाही.

रीळ मुंबईला परत करा अशी तार बन्सीच्या नावानं इथं आली, तोवर तो निघून गेला होता. त्याची गाडी पारनेरकडं गेली असं कळतं. तार त्याच्या हाती कधी पडेल कुणास ठाऊक.

साहेबांना न दाखवता बरगड्यांचं रीळ बन्सीच्या हाती दिलंस आणि तुझी नोकरी गेली, हे तू लिहिलं नाहीस. बन्सीनं सांगितलं. आपण दोघंही एकमेकांपासून लपवण्यात वस्ताद झालोय.

आता एक तुझं-माझं. तू आला नाहीस याचा मला राग आला होता. दाजींनी तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. मी मरत होते, कानिफ, आणि माझा भाऊ शेळीची चित्रं काढत होता. परवा ती पिल्लं धडपडत उभी राहिली, तेव्हा तू त्या दिवसांत कुठं होतास ते मला दिसलं. तू बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं, असंही वाटतं.

तरी राग सगळा गेलेला नाही. थोडा आहे अजून. तो पत्रानं जायचा नाही. तू ये, समोर बस, मी तुला चार शब्द बोलते, तू ऐकून घे. मग जाईल.

तुझी,
आक्का